कॉफी साहेबाची, चोथा आपला

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं वेगळंच. "बंगल्यावर इतकी वर्षं काढलीत, साहेबलोकांच्या आठवणी लिहा," म्हणाले. कोण कसा होता, कोणी वाघ मारला, कोण काय प्यायचा. मी म्हटलं, साहेबांची मला पाठच जास्त माहीत आहे. ते व्हरांड्यात माहुलीच्या डोंगराकडे तोंड करून बसायचे आणि मी मागून ट्रे घेऊन जायचो. मला नीट माहीत आहे ते त्यांचे कप उचलल्यावर मागं काय उरायचं ते. कॉफीचा चोथा. संपादक हसले, मग म्हणाले, "बरं लिहा, पण आटोपशीर लिहा." चोथ्याबद्दल कोणी असं बोललं की मला अजून राग येतो, पण माझं काम बागेचं, त्यांचं काम अंकाचं, म्हणून लिहायला बसलो.

सरकारी बंगला शहापूरच्या जरा बाहेर, आग्रा रोडला लागून होता. रस्त्याच्या कामावरचे, मोजणीचे, जंगलाचे असे साहेब आसनगावला गाडीतून उतरायचे, टांग्यानं यायचे, चार-आठ दिवस राहून पुढं जायचे. पावसाळा संपला की त्यांची वर्दळ सुरू व्हायची आणि उन्हं तापली की थांबायची. मी तिथं माळी म्हणून लागलो तेव्हा विशीत होतो. चौथी पास झालो म्हणून घरच्यांना वाटत होतं, पोरगं तलाठ्याच्या हाताखाली लागेल. पोरगं लागलं गुलाबाच्या हाताखाली.

स्वयंपाकघर इनासच्या ताब्यात होतं आणि बागेचं काम आटोपलं की मी त्याच्या हाताखाली असायचो. इनास गोव्याचा, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा, आणि तोंडाचा फटकळ. साहेब वाट बघत असले तरी त्याच्या हाताला घाई म्हणून माहीत नव्हती. कॉफी हे पेय मी पहिल्यांदा त्याच्याकडेच बघितलं. आमच्या घरी चहासुद्धा पाहुणा आला तरच व्हायचा, तोही गुळाचा.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॉफीच्या बिया मुंबईहून कच्च्या यायच्या, फिकट, दिसायला दुभंगलेल्या शेंगदाण्यासारख्या. इनास त्या लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत भाजायचा. मग टेबलाच्या कडेला आवळून बसवलेल्या छोट्या यंत्रात घालून दांडा फिरवायचा. ती भरड फ्लानेलच्या पिशवीत घालून वरून उकळतं पाणी ओतायचं. खाली उतरते ती कॉफी. पिशवी उलटी करून झटकली की वाडग्यात पडतो तो चोथा.

पहिल्याच आठवड्यात तो वाडगा घेऊन मी मोरीकडं निघालो होतो. इनासनं माझं मनगट धरलं.

"खंय चाललास?"

"टाकायला."

"पांडू, एक गोष्ट ध्यानात ठेव. कॉफी साहेबाची, चोथा आपला."

आपला म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. तळणाच्या कढईला राखेनं जात नाही तो ओशटपणा मूठभर चोथ्यानं जायचा. मासळी साफ करून नाहीतर लसूण सोलून हाताला वास राहिला की चोथा चोळून हात धुवायचे. मटण ठेवायच्या जाळीच्या कपाटात उन्हाळ्यात दर्प सुटायचा, तिथं कोरडा चोथा बशीत घालून ठेवला की दोन दिवसांत नाक मोकळं. हॉलमधला गालिचा झाडताना धुरळा उडून साहेब शिंकायचे, म्हणून आधी ओलसर चोथा त्यावर भुरभुरायचा आणि मग केरसुणी फिरवायची. धूळ चोथ्याला धरून यायची. फक्त चोथा फार ओला असला तर गालिच्यावर डाग पडतो. तो मी एकदा पाडला, आणि त्यावर खुर्ची ठेवून सहा महिने काढले. उरलेला सगळा चोथा स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात जायचा. इनासनं तो खड्डा स्वतः खणलेला. त्यात पालापाचोळा, शेण, अंड्यांची टरफलं, भाजीचे देठ, सगळं थरावर थर घालायचा आणि वर्षभर त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला हौस आहे.

भांड्यांसाठी लागणारा चोथा मी सुपात पसरून मागच्या ओट्यावर वाळत घालायचो. एकदा मोजणीच्या साहेबांबरोबर एक कारकून आला. साहेब कामावर गेले, इनास बाजारात. कारकुनाला आली कॉफीची तलफ. त्यानं सूप बघितलं, चूल बघितली आणि स्वतःच करून प्यायला. मी आलो तेव्हा तो मिशा पुसत होता. म्हणाला, "तुमच्या बंगल्याची कॉफी फार सौम्य हो. पोटाला बाधत नाही." इनासला सांगितलं तर तो म्हणाला, "त्याला सांगू नको. इतक्या वर्सांत माझ्या कॉफीला पयल्यांदा कोणी बरं म्हटलं." कारकून निघाला तेव्हा इनासनं त्याला त्याच चोथ्याची पुडी बांधून दिली.

लढाईच्या दिवसांत साखर, चहा, कॉफी सगळ्याचीच ओढाताण सुरू झाली, तेव्हा मात्र हा विनोद राहिला नाही. रस्त्यावरचा एक हॉटेलवाला मागच्या दारानं यायला लागला. वाळवलेला चोथा दे, चहाच्या भुकटीत मिसळतो. मी म्हटलं, भांड्याला लावीन, झाडाला घालीन, माणसाला देणार नाही. "माणसांना कुठं कळतंय रे?" तो म्हणाला. कारकुनाची आठवण झाली, पण मी दिला नाही. असे दोन-चार प्रसंग आहेत ज्यांत मी बरोबर वागलो. त्यांतला एक आधी सांगून घेतला, कारण आता जे सांगायचं आहे त्यात मी बरोबर वागलेलो नाही.

बंगल्याच्या पायरीशी एक जुना गुलाब होता. मी लागलो तेव्हा त्याला काटेच काटे, फूल नावाला. मी त्याची माती खणून भुसभुशीत केली, पाणी साचायचं ते काढून दिलं, जुन्या फांद्या छाटल्या, आणि आठवड्याला मूठभर चोथा शेणखताबरोबर मातीत कालवत गेलो. तिसऱ्या वर्षी तो असा फुलला की एका साहेबाच्या मडमेनं मला बोलावून विचारलं, ह्याला काय घालतोस? मी म्हटलं, कॉफी. ती हसली, साहेब हसले, आणि ही गोष्ट टांगेवाल्यांनी बाजारभर केली. पांडूमाळी गुलाबाला कॉफी पाजतो. खणणं, छाटणं, पाणी काढणं, ह्यांतलं कोणाला काही सांगितलं नाही, आणि चार वर्षांत मलाही ते आठवेनासं झालं. लोक विचारायला यायला लागले. कोणाची लिंबोणी धरत नाही, कोणाच्या मोगऱ्याला कळी नाही. मी कमरेवर हात ठेवून सांगायचो, चोथा घाल. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर जाऊन बसलो.

बंगल्यामागं ओढा होता आणि ओढ्यापलीकडं वाडी. तिथं ठकूबाई राहायची. माझ्या आईपेक्षा थोडी लहान असेल. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. भाताचं एक लहानसं खाचर होतं, पण तिचं खरं चालायचं ते रोपांवर. दसऱ्याच्या सुमारास ती वांगी-मिरचीचं बी वाफ्यात टाकायची आणि दिवाळीनंतर रोपं शहापूरच्या बाजारात, कधी मुरबाडलाही नेऊन विकायची. भात कापून झालं की कुणबी लोक घरामागं चार वांगी लावतात, त्यांना ही रोपं लागायची.

तिचं वांगं साधं नव्हतं. पांढरट हिरवं, देठ जांभळा, आणि काटे इतके की काढताना शिव्या याव्यात. पण निखाऱ्यावर भाजून मीठ-मिरचीबरोबर भाकरीला लावलं की दुसरं कालवण नको. तिच्या सासूनं ते बी मुरबाडपलीकडच्या माहेराहून पदराला बांधून आणलं होतं. सासू गेली, बी राहिलं. ठकूबाई ते राखेत घालून मडक्यात ठेवायची आणि मडकं चुलीवर, धुरात टांगायची. बाकी कोणाकडं हे बी नव्हतं. ठेवणार कसं? आमच्याकडं शिमगा झाला की गुरं मोकाट सुटतात. पावसाळ्यापर्यंत रानात, परसात हिरवं काही शिल्लक राहत नाही. लोक कोवळी वांगी खायचे, झाडं गुरांना जायची, आणि पुढच्या वर्षी ठकूबाई आहेच. ती एकटीच दोन झाडांना काट्याचं कुंपण घालून त्यांची फळं पिकून पिवळी होऊ द्यायची. शिमग्याच्या आधी एक टोपली बंगल्यावर आणून द्यायची, इनासला तिची वांगी फार आवडायची. टोपलीत एखादं जून, पिवळं निघालं की मात्र तो बडबडत ते खड्ड्यात भिरकावून द्यायचा.

लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. त्या पावसात ठकूबाईच्या घराचं छप्पर नेमकं चुलीवर गळलं. मडक्यात पाणी गेलं आणि बियांना बुरशी आली. निवडून निवडून एक मूठ चांगलं बी निघालं. ते सगळं तिनं त्या दसऱ्याला वाफ्यात टाकलं. मागं एक दाणा ठेवला नाही, ठेवण्याजोगा उरलाच नव्हता.

मी ओढ्यावर गेलो होतो तेव्हा ती वाफ्याशी बसलेली. कोंब वर आले होते, दोन-दोन पानांचे. ती मडक्यातून चिमूट चिमूट राख घेऊन पेरत होती.

"ठकूबाय, ही राख कशाला?"

"सासू घालायची. मीबी घालतंय."

"राखेत काय दम आहे? माझा गुलाब बघितलास ना?"

"तुझा गुलाब हाय रे. ह्ये वांगं हाय."

"माती एकच ना?"

ती हात झाडून माझ्याकडं बघायला लागली. मग मी तिला समजावलं. आमच्याकडं भाताचं रोप करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला की माती काळी होते आणि त्यात रोप तरारून येतं. मी म्हटलं, म्हणजे काळं झालं की माती जोर धरते, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होतं. राख पांढरी, चोथा काळाकुट्ट. राबापेक्षा काळा. मग जोर कशात जास्त? आता हे लिहिताना मला माझं हसू येतं आणि लाजही वाटते, पण तेव्हा मला वाटलं होतं, काय बोललो.

"चवथी शिकलास तू," ती म्हणाली. "तू म्हनतोस तं घाल."

त्या आठवड्यात बंगल्यावर चार साहेब होते. घमेलंभर चोथा होता, ताजा, ओला, खड्ड्यात न गेलेला. मी तो स्वतः नेला आणि कोंबांच्या मधून मधून दोन बोटं जाड थर दिला. वाफा काळाभोर दिसायला लागला. वर तिला ताकीद दिली, आता तुझी राख घालू नकोस, चोथ्याचा जोर जाईल.

तिसऱ्या दिवशी चोथ्यावर पांढरी लव आली. मी म्हटलं, मुरतंय. पाचव्या दिवशी वरचा थर सुकून पापडासारखा कडक झाला. ठकूबाई तांब्यानं पाणी घालायची, पाणी वरूनच ओघळून वाफ्याबाहेर जायचं. "आत जात नाय रे," ती म्हणाली. मी म्हटलं, जाईल. आठव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मग मात्र मी घाबरलो आणि खुरप्यानं पापडी उचलायला गेलो, तर पापडीबरोबर मुळंही वर आली. जी दोन-चार जगली असती तीही माझ्या हातानं गेली.

ठकूबाई वाफ्याच्या कडेला बसली. एकेक रोप बोटानं उभं करून बघत होती आणि ते आडवं पडत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"वर गेल्याव सासूला काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि घरात गेली.

मी इनासला सांगितलं. तो कांदा चिरत होता, त्यानं सुरी खाली ठेवली. "ताजा चोथा? कोंबावर?" मी मान हलवली. "ताजा चोथा म्हणजे दारू, पांडू. गुलाब म्हातारा, तो थोडी पचवतो. तान्ह्या पोराला कोण पाजतो? खड्डा मी कशाला खणला? मला पुरायला?" त्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा समजावून सांगितलं की खड्ड्यात वर्षभर कुजला की चोथ्याची आग जाते, आणि मगच तो खत होतो. इतकी वर्षं मी त्याला विचारलंच नव्हतं. गुलाब फुलल्यावर माळ्यानं खानसाम्याला काय विचारायचं, असं मला वाटत होतं.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी मी बंगल्याचे कांदे-बटाटे घ्यायला गेलो होतो. ठकूबाई तिच्या जागेवर बसलेली, पुढं फक्त मिरचीची रोपं. एका कुणब्यानं विचारलं, "वांग्याची कुठं?"

"औंदा मुंग्यांनी खाल्ली."

"सगली?"

"सगली."

दुसरा आला, तिसरी आली, प्रत्येकाला तेच. मी चार हातांवर कांदे निवडत उभा होतो. बाजार उठल्यावर तिची टोपली उचलून दिली आणि विचारलं, "ठकूबाय, असं का सांगितलंस?"

"मंग काय सांगू? तुझं नाव घेतलं तं रोपां उभी ऱ्हातील?"

मी तिच्या टोपलीखालची चुंबळ सारखी केली.

"नि तू बंगल्यावरचा माळी. माळी रोपां मारतो, असं साहेबाच्या कानाव गेलं तं? जा आता, कांदं घेऊन जा."

मी कांदे घेऊन गेलो. ही गोष्ट मला सोयीची होती. लोक म्हणायचे, मुंग्यांचा काही नेम नाही, आणि मीही मान हलवायचो.

पौषात म्हशाची जत्रा भरते, मुरबाडच्या पुढं. गुरांचा बाजार, घोंगड्या, भांडी, चारी बाजूंनी माणूस लोटतं. मी रजा मागितली. इनासनं विचारलं, "बैल आणतोस?" म्हटलं, वांगं बघतो. तो हसला नाही, भाकऱ्या बांधून दिल्या.

किन्हवलीवरून मुरबाडला चालत गेलो. ठकूबाईच्या सासूच्या माहेरचं घर विचारत विचारत शोधलं. घरातली म्हातारी म्हणाली, तसलं वांगं होतं खरं आमच्यात, पण काट्यांना कोण कंटाळत नाही, केव्हाच गेलं. मग जत्रेत फिरलो. बैल मोठे खासे होते म्हणतात, मी भाजीवाल्यांच्या टोपल्यांशिवाय काही बघितलं नाही. त्यातल्या त्यात जवळची वाटली ती तीन वांगी घेतली आणि फडक्यात बांधून आणली. जून होती, म्हणजे बी मिळालं असतं.

ठकूबाईनं तिन्ही विळीवर चिरली. पहिलं बघून बाजूला ठेवलं. दुसऱ्याचा देठ बघितला आणि तेही ठेवलं. तिसरं अर्धं निखाऱ्यावर भाजलं, मीठ लावलं, एक घास स्वतः खाल्ला, एक मला दिला.

"बरं हाय," म्हणाली. "पन आपलं नाय."

तेवढ्या "आपलं" शब्दानं मला भडभडून आलं. मी एवढं सगळं करूनही तिनं मला त्यात धरलं होतं.

चैत्र आला. साहेब बहुतेक गेले होते. इनास म्हणाला, "वर्ष झालं, खड्डा उघड आता, आणि बघ." वरची माती काढली तर खाली चोथा नव्हताच. पाला नव्हता, टरफलं नव्हती. काळी, मोकळी, ओलसर माती होती आणि तिला पहिल्या नांगरटीचा वास होता. मी घमेली भरभरून ती पायरीच्या गुलाबाला घातली आणि रोज झारीनं पाणी द्यायला लागलो.

पंधरा दिवसांनी गुलाबाच्या आळ्यात तण आलं. सकाळी खुरपं घेऊन बसलो. दोन उपटून टाकली, तिसऱ्याला हात घातला आणि बोटाला बारीक टोचलं. तणाला काटा कुठला? मी पान उलटं करून बघितलं. मधल्या शिरेवर काटे होते आणि कोवळा दांडा जांभळा होता. मी खुरपं फेकून ओढा ओलांडला.

ठकूबाई भांडी घासत होती, तशीच राखेच्या हातांनी आली. आळ्यापाशी उकिडवी बसली. पान दोन बोटांत धरलं, हुंगलं, दुसरं बघितलं. मी उपटून टाकलेली दोन उचलून पदरात ठेवली.

"इनासबाबानं फेकलेलं पिवळं," मी म्हटलं. "गेल्या वर्षीच्या शिमग्याचं. खड्ड्यात खोल राहिलं असणार."

"सासूचंच हाय."

"नक्की कशावरून?"

"घरातलं पोर वळखायला येळ लागतो का रे?" ती म्हणाली आणि डोळे पुसायला गेली, तर राख डोळ्यांत गेली. मग दोघंही हसलो. मोजली तर नऊ होती.

ती तिच्या वाफ्यात न्यायची सोय नव्हती, गुरं सुटलेली. बंगल्याला मात्र तारेचं कुंपण होतं. म्हणून पाऊस पडेपर्यंत ती गुलाबाखालीच ठेवायची ठरली. नेमका वैशाखात रस्त्याचा एक इंजिनेर साहेब अचानक उतरला. पायरी चढता चढता थांबला. गुलाबाच्या आळ्यात भाजी का, उद्या सकाळपर्यंत काढून टाक, म्हणाला. इनास कॉफी घेऊन बाहेर आला आणि अगदी शांतपणे सांगितलं की साहेब, ह्या झाडाच्या काट्यांमुळं गुलाबाला कीड लागत नाही, गोव्यात सगळीकडं असंच लावतात. साहेबानं कॉफीचा घोट घेतला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यानं ही माहिती वहीत लिहून घेतली. पुढं ती कुठं छापून आली असेल तर त्यात माझा दोष नाही.

नवांतली सात जगली. मृगानंतर ठकूबाईनं ती नेऊन लावली आणि त्या हंगामात एकही वांगं कोणाला खाऊ दिलं नाही, मलासुद्धा नाही. सगळी पिकवली, बी काढलं, राखेत घालून दोन मडक्यांत भरलं. एक तिच्या चुलीवर, एक माझ्या बायकोच्या चुलीवर. दसऱ्याला वाफा केला तेव्हा मी कडेला उभा होतो, हात मागं बांधून.

"उभा काय ऱ्हातोस?" ती म्हणाली. "तुझं ते कुजलेलं आन. बोटभर घाल. पन राख मी घालनार."

तसंच केलं. तेव्हापासून दर दसऱ्याला तसंच.

रोपं बाजारात गेली तेव्हा लोकांनी आपलीआपणच गोष्ट जुळवली. ठकूबाईचं बी मुंग्यांनी खाल्लं होतं, बंगल्यावरच्या पांडूनं कॉफी घालून ते परत उगवलं. वांग्याला "बंगल्याचं वांगं" असं नाव पडलं. मुरबाडचे लोक ते नाव घेऊन विचारत यायचे. ठकूबाई ऐकायची आणि रोपांच्या जुड्या बांधत राहायची. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं. आज सांगू, पुढच्या बाजाराला सांगू, असं करत करत लढाई संपली, साहेब गेले, राज्य आपलं झालं. नवे साहेब चहा प्यायचे. इनास गोव्याला परत गेला, जाताना कॉफीचं यंत्र तेवढं घेऊन गेला, आणि मी पुढची वर्षं स्वयंपाकघर आणि बाग दोन्ही सांभाळून पेन्शनीत निघालो. चहाचा चोथाही कुजवून चालतो, पण गालिचा झाडायला कॉफीचाच बरा.

तीन वर्षांपूर्वी ठकूबाईला दिसायचं कमी झालं होतं. मी तिच्याकडं बसलो होतो. कोणीतरी मुलगी रोपं मागायला येऊन गेली, "बंगल्याचं वांगं" म्हणाली. मला राहवलं नाही.

"ठकूबाय, आता सांगून टाकू का लोकांना?"

"काय रे?"

"मुंग्यांचं."

तिनं हातातल्या वातीला पीळ दिला.

"इतकी वर्सां मी मुंग्यांवर घातलंय. आता तू खरं सांगितलंस तं मी खोटी पडतंय. ह्या वयात कशाला? मी गेल्याव सांग."

गेल्या मार्गशीर्षात ठकूबाई गेली. चुलीवरचं तिचं मडकं माझ्याकडं आलं. परवा दसऱ्याच्या आधी वासिंदकडचा एक माणूस दारात उभा राहिला. "पांडूदादा, तुमच्या वांग्याचं बी द्याल का?" बी दिलं. सोबत जे सांगितलं तेच इथं लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. ते वांगं माझं नाही, बंगल्याचंही नाही. ठकूबाईच्या सासूनं ते मुरबाडपलीकडून पदराला बांधून आणलं. आणि त्या वर्षी ठकूबाईच्या वाफ्यात मुंग्या आल्या नव्हत्या, मी आलो होतो.